मँडोलिन आवडतं? मग ब्लूग्रास कसं ऐकायचं ते बघू

फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले तेव्हा आपल्याकडे झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्या नावांचा गाजावाजा झाला, आणि तो रास्तच होता. या दोघांना ज्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ अल्बमसाठी पुरस्कार मिळाला, त्यात तबला-बासरीच्या जोडीला डबल बासवर एडगर मायर होते आणि बँजोवर बेला फ्लेक. या फ्लेक यांची पाळंमुळं शोधायला गेलं की पहिल्याच वळणावर अमेरिकेतल्या एका संगीताचं नाव भेटतं: ब्लूग्रास.

मग माणूस कुतूहलाने यूट्यूबवर ब्लूग्रास लावतो. मँडोलिनची आवड असणारा तर हमखास लावतो, कारण हे संगीत एका मँडोलिनवाल्याने उभं केलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि तिथेच घोळ होतो. गाणं भरधाव सुरू होतं, बँजो खणखणत पुढे असतो, मध्येच फिडल म्हणजे व्हायोलिन घुसतं, कोणीतरी टिपेला जाऊन गातं. मँडोलिन मात्र मधे थोडा वेळ वाजून गायब होतं. ‘अरे, यात मँडोलिन आहे कुठे?’ हा प्रश्न मला मँडोलिनवेड्या मित्रांनी कितीदा तरी विचारलाय.

मँडोलिन पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तिथेच असतं. आपण ते सुरांमध्ये शोधत राहतो आणि ते बहुतेक वेळ ताल धरून बसलेलं असतं. ही एवढी एक गोष्ट कानाला पटली की ब्लूग्रासचं दार उघडतं. ती कशी पटवून घ्यायची आणि त्यासाठी काय ऐकायचं, हे या लेखात सांगतो.

आधी वाद्याची अडचण समजून घेऊ

मँडोलिनला आठ तारा असतात, पण त्या चार जोड्यांमध्ये. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात मिळवलेल्या. चार जोड्यांचे सूर व्हायोलिनसारखेच: जी, डी, ए, ई. म्हणजे व्हायोलिनवर बोटं जिथे पडतात, जवळपास त्याच हिशेबाने ती मँडोलिनवरही पडतात. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

फरक असा की व्हायोलिनला गज असतो. गज फिरतोय तोवर सूर जिवंत. मँडोलिनची तार पिकने, म्हणजे बोटांत धरलेल्या छोट्या चकतीने, छेडायची आणि सूर लगेच विझतो. तारा आखूड, पेटी लहान, त्यामुळे सतारीसारखी लांब आस मिळत नाही. मँडोलिन वाजवणाऱ्या प्रत्येकाला या विझणाऱ्या सुराचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

इटलीत, नेपल्सकडे, यावर उपाय निघाला तो ट्रेमोलोचा. पिक इतक्या झपाट्याने वर-खाली करायची की तुटक ठोके एकमेकांत मिसळून एक थरथरता, सलग सूर तयार होतो. आपल्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कानाला मँडोलिन म्हणजे प्रामुख्याने हीच थरथर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मँडोलिन वाजवत. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर याच पडद्यांच्या वाद्यावर राग वाजवून दाखवले. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी वेगळाच रस्ता काढला: विजेवर चालणारं मँडोलिन, चार जोड्यांऐवजी पाच एकेरी तारा, आणि त्यावर कर्नाटक संगीतातली गमक.

या सगळ्यांनी विझणारा सूर लांबवायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या केंटकीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने उलटं केलं. सूर विझतोय ना, मग त्याला आणखी लवकर विझवू, आणि त्याचाच ठोका करू. ब्लूग्रासचं मँडोलिन इथून सुरू होतं.

ब्लूग्रास म्हणजे नेमकं काय?

पाच वाद्यं डोळ्यांसमोर आणा: मँडोलिन, पाच तारांचा बँजो, फिडल, गिटार आणि उभा राहून वाजवायचा भला मोठा डबल बास. कधी सोबत डोब्रो असतो, म्हणजे आडवी धरून धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार. विजेवर चालणारं काही नाही, आणि ड्रम नाहीत. गाणारे दोन-तीन जण एकावर एक आवाज रचून गातात. पारंपरिक ब्लूग्रासचा संच एवढाच.

या संगीताचा कर्ता बिल मोनरो. जन्म 13 सप्टेंबर 1911, केंटकी राज्यातल्या रोझीन या खेड्याजवळ. आठ भावंडांत शेंडेफळ. मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच पटकावली होती, धाकट्याच्या वाट्याला उरलं ते मँडोलिन. आवाज फार होऊ नये म्हणून आठपैकी चारच तारा लावायची परवानगी होती, असं ते स्वतः सांगत. आई लहानपणीच गेली, वडील तो सोळा वर्षांचा असताना गेले. मग तो मामाकडे राहायला गेला. पेंडल्टन व्हँडिव्हर, म्हणजेच अंकल पेन. मामा गावोगावच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि भाचा साथीला बसायचा. मघाशी म्हटलं तसं फिडल आणि मँडोलिनचे सूर एकच, त्यामुळे मामाच्या फिडलमधल्या चाली भाच्याच्या मँडोलिनमध्ये जशाच्या तशा उतरल्या. नाचणाऱ्यांचे पाय चुकू नयेत म्हणून ताल घट्ट धरायची सवयही तिथलीच.

त्याच भागात अर्नोल्ड शुल्त्झ नावाचे कृष्णवर्णीय वादक होते. कोळशाच्या खाणीत काम करायचे, गिटार आणि फिडल वाजवायचे. मोनरो यांनी त्यांच्यासोबत नाचांना वाजवलं आणि त्यांच्याकडून ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं संगीत, उचललं. याचा उल्लेख ते आयुष्यभर करत राहिले.

पुढे पोटासाठी मोनरो भावांमागे उत्तरेला, शिकागोजवळच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात गेले. त्या काळात दक्षिणेकडच्या डोंगरी भागांतली माणसं अशीच उत्तरेच्या कारखान्यांत लोटली होती. गिरणगावातल्या चाळीत राहून कोकणातल्या घरासाठी झुरणाऱ्या चाकरमान्याला या लोकांची गाणी वेगळी समजावून सांगायची गरज पडली नसती. सुटलेलं गाव, म्हातारी आई, डोंगरातली झोपडी, परत जायची ओढ: ब्लूग्रासची निम्मी गाणी याच विषयांवर आहेत.

1939 मध्ये मोनरो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. केंटकीला ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात, म्हणून बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’. डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक त्यात आला. तीन बोटांनी सुरांची अखंड धार सोडणारी त्याची पद्धत लोकांनी यापूर्वी अशी ऐकली नव्हती. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. या पाच जणांनी 1946-47 मध्ये जी ध्वनिमुद्रणं केली ती ब्लूग्रासचा पाया मानली जातात. नाव नंतर पडलं, ते बँडच्या नावावरूनच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. ब्लूग्रास ऐकताना हे शेकडो वर्षं जुनं डोंगरी लोकसंगीत असावं असं वाटतं. त्यात जुन्या चाली जरूर आहेत, पण हे संगीत माईक, रेडिओ आणि रेकॉर्डच्या जमान्यात, रंगमंचावर पैसे मिळवण्यासाठी घडवलेलं आहे. भारताला स्वातंत्र्य मिळालं साधारण त्याच सुमाराला ते आकाराला आलं.

चॉप: ज्यासाठी हा सगळा लेख आहे

ड्रम नाहीत, तर ताल कोण धरतो? बास आणि मँडोलिन मिळून. बास मोठ्या ठोक्यावर ‘धुम्’ वाजवतो, मँडोलिन दोन ‘धुम्’च्या मधल्या जागेत ‘चक्’ करतं. धुम्-चक्, धुम्-चक्. या ‘चक्’ला चॉप म्हणतात. रॉकच्या बँडमध्ये स्नेअर ड्रमचा जो सटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पडतो, तेच काम इथे मँडोलिन करतं.

हा आवाज निघतो कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. डाव्या हाताची चार बोटं चारही जोड्यांवर अशी ठेवायची की एकही तार मोकळी राहणार नाही. उजव्या हाताने पिक वरून खाली सपकन ओढायची. आठही तारा एकदम बोलतात, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं किंचित सैल करायची. तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. दाब गेला की तार पडद्यापासून सुटते, पण बोट तिला चिकटलेलंच असल्यामुळे ती वाजू शकत नाही. स्वरसंगती उमटते ना उमटते तोच कापली जाते. कानाला येतो तो अर्धा सूर आणि अर्धा लाकडाचा आवाज.

एकही तार मोकळी का ठेवायची नाही, हे आता कळेल. मोकळ्या तारेला दाबणारं बोटच नसतं, ती झणझणत राहणार आणि ‘चक्’ची धार बोथट होणार. म्हणून ब्लूग्रासवाले गिटारसारखे सोपे, मोकळ्या तारांचे आकार टाळतात आणि बोटं चांगलीच फाकवणारे आकार वापरतात. करंगळीला सुरुवातीला बराच त्रास होतो.

आता ऐकायचा भाग. हेडफोन लावा. मोनरो यांचं ‘अंकल पेन’ लावा, मामाच्या आठवणीत त्यांनीच लिहिलेलं गाणं. पहिल्या ऐकण्यात शब्द, फिडल, बँजो, सगळं सोडून द्या. फक्त बास शोधा. तो सापडला की दोन ‘धुम्’च्या मधे बोटाने टिचकी वाजवत चला. तुमची टिचकी जिथे पडते तिथेच मँडोलिन पडतं, हे थोड्याच वेळात लक्षात येईल. एकदा ऐकू आलं की ते कानातून जात नाही. मग पुढच्या कुठल्याही ब्लूग्रास गाण्यात मँडोलिन शोधावं लागत नाही.

दुसरा धडा ‘ब्लू मून ऑफ केंटकी’चा. हे गाणं मोनरो यांनी 1946 मध्ये वॉल्ट्झच्या संथ, तीन मात्रांच्या चालीत ध्वनिमुद्रित केलं होतं. 1954 मध्ये एल्विस प्रेस्ली नावाच्या नवख्या गायकाने आपल्या पहिल्याच रेकॉर्डच्या एका बाजूला ते उडत्या चालीत गायलं. मोनरो यांनी त्याच वर्षी गाणं पुन्हा मुद्रित केलं. सुरुवात जुन्याच संथ लयीत ठेवली आणि मग मध्येच लय बदलून वेग घेतला. या 1954 च्या आवृत्तीत ताल मोजत बसा. आधी एक-दोन-तीन, आणि एका वळणानंतर धुम्-चक्, धुम्-चक्. ताल बदलतो त्या जागी गाण्याचा अख्खा स्वभाव कसा पालटतो, हे एवढ्या स्वच्छ दाखवणारं दुसरं ध्वनिमुद्रण मला तरी माहीत नाही.

न्हाव्याच्या दुकानातलं मँडोलिन

चॉपला सगळीच मँडोलिनं सारखी दाद देत नाहीत. मोनरो यांच्या हातात जे होतं त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आजही ब्लूग्रासमधली बहुतेक मँडोलिनं त्याच्याच आकारावर बेतलेली असतात.

मिशिगनमधल्या कॅलमझू शहरात गिब्सन कंपनी होती. नेपल्सच्या मँडोलिनला भोपळ्यासारखी गोल पाठ असते. गिब्सनने व्हायोलिनच्या धर्तीवर वरची आणि खालची पाटी लाकडातून कोरून, कमानदार करून मँडोलिनं बनवली. 1920 च्या सुमाराला तिथे लॉइड लोर हे ध्वनिशास्त्राची जाण असलेले वादक काम करत होते. त्यांच्या देखरेखीखाली 1922 मध्ये ‘एफ-5’ हे मॉडेल आलं. त्यात गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन ‘एफ’ आकाराची भोकं होती, आणि आवाज कोरडा, टणक, दूरवर फेकला जाणारा. हे वाद्य मँडोलिनच्या वाद्यवृंदांसाठी, शास्त्रीय संगीतासाठी बनवलं होतं. पण तोवर अमेरिकेतली मँडोलिन वाद्यवृंदांची लाट ओसरली होती. एफ-5 फारसं खपलं नाही आणि 1924 मध्ये लोर यांनी कंपनी सोडली.

1940 च्या दशकाच्या मध्याला मोनरो फ्लोरिडात होते. एका न्हाव्याच्या दुकानात त्यांना विकायला ठेवलेलं एक मँडोलिन दिसलं. आतल्या कागदावर लोर यांची सही आणि तारीख होती: 9 जुलै 1923. किंमत 150 डॉलर. ते त्यांनी घेतलं आणि पुढे जवळपास पन्नास वर्षं वाजवलं. शास्त्रीय वादनासाठी घडवलेल्या त्या टणक, फेकलेल्या आवाजाला खरं काम मिळालं ते चॉपमध्ये.

या मँडोलिनने सोसलंही बरंच. गिब्सनकडे दुरुस्तीला पाठवलं, काम मनासारखं झालं नाही, तेव्हा मोनरो यांनी चाकूने डोक्यावरचं कंपनीचं नाव खरवडून काढलं. ते कोरं डोकं कित्येक वर्षं फोटोंमधून दिसत राहिलं. 1985 मध्ये कोणीतरी त्यांच्या घरात घुसून शेकोटीच्या लोखंडी सळईने वाद्याचे तुकडे-तुकडे केले. गिब्सनच्या कारागिराने ते कणाकणाने जोडून पुन्हा उभं केलं आणि मोनरो यांनी ते पुन्हा हातात घेतलं. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

मग मँडोलिन सूर कधी वाजवतं?

पाळी आली की. ब्लूग्रासच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधे एकेका वाद्याला सूर वाजवायची पाळी मिळते, तिला ब्रेक म्हणतात. आपल्याकडे अंतऱ्यांच्या मधे वाजणारे तुकडे संगीतकाराने बांधून दिलेले असतात. इथे वादक गाण्याचीच चाल धरतो आणि तिच्या आजूबाजूने स्वतःचं काहीतरी मांडतो. म्हणजे चाल ओळखू यायला हवी आणि वादकही ओळखू यायला हवा.

जुन्या पद्धतीचे बँड आजही एकाच माईकभोवती उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, झाली की अंग चोरून मागे जातो, तोवर दुसरा पुढे आलेला असतो. डबल बास आणि गिटारची लांबलचक मान सांभाळत हे सगळं चालतं. आवाजाचं मिश्रण करणारा माणूस नसतोच. कोण किती पुढे उभा आहे, त्यावर ते ठरतं. डेल मॅककोरी यांच्या बँडचे असे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. डेल गिटार वाजवतात, त्यांचा मुलगा रॉनी मँडोलिन. रॉनीवर नजर ठेवा: स्वतःची पाळी संपवून तो मागे सरकतो आणि पुढच्याच ठोक्याला त्याचा चॉप सुरू झालेला असतो.

मोनरो यांचा स्वतःचा ब्रेक कसा असतो, यासाठी ‘रॉ हाइड’ ऐका. शब्द नाहीत, सगळी धाव मँडोलिनचीच. थरथर फार कमी, प्रत्येक सूर वेगळा ठोकलेला. कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत. मला हे मँडोलिन पहिल्यांदा ओबडधोबड वाटलं होतं, पण सवय झाल्यावर फार सफाईदार वादन ऐकताना काहीतरी कमी वाटायला लागतं.

‘पण सगळी गाणी सारखीच वाटतात’

वाटणारच. वाद्यं तीच, ताल बहुधा दोनच, स्वरसंगती तीन-चार. नवख्या कानाला फरक कुठे शोधायचा हे कळत नाही. यावर एक उपाय चांगला लागू पडतो. दहा गाणी ऐकण्याऐवजी एकच गाणं घ्या आणि ते वेगवेगळ्या वादकांकडून ऐका. मोनरो यांच्या रचना पुढच्या प्रत्येक पिढीने वाजवल्या आहेत, त्यामुळे साहित्य भरपूर आहे. एकच राग दोन घराण्यांकडून ऐकण्याची सवय असलेल्यांना हे जमायला वेळ लागत नाही. चाल स्थिर राहिली की वादकाचा हात दिसायला लागतो.

‘एवढ्या वेगात भाव कुठे?’

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण निव्वळ वेगाचं प्रदर्शन करणारं ब्लूग्रासही खूप आहे आणि तेच आधी कानावर पडतं. ते बाजूला ठेवा आणि मोनरो यांचं ‘माय लास्ट डेज ऑन अर्थ’ लावा. सत्तरीला टेकलेल्या माणसाने वाजवलेली ही संथ धून 1981 च्या ‘मास्टर ऑफ ब्लूग्रास’ अल्बमवर आहे. यासाठी त्यांनी मँडोलिनच्या तारा नेहमीपेक्षा निराळ्या मिळवल्या आहेत. एकाच जोडीतल्या दोन तारांचे सूर वेगळे ठेवले, त्यामुळे एक ठोका मारला तरी दोन सूर बोलतात आणि सगळ्या धुनीखाली एक अस्वस्थ गुंजन राहतं. भाव नाही म्हणणाऱ्या माणसाला मी दुसरं काही ऐकवत नाही.

‘आणि ते नाकातून, किंचाळल्यासारखं गाणं?’

उंच पट्टीतल्या या गाण्याला तिकडे ‘हाय लोनसम’ म्हणतात. मोनरो यांचा आवाज मुळातच वरच्या पट्टीत फिरणारा, आणि ते गाणीही मुद्दाम अशा सुरात बांधत की आवाज ताणला जावा. त्यांचा गंधार ऐका. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी तो घुटमळतो. ही जागा ब्लूजमधून आली. आपला कान श्रुतींमधले असे बारकावे पकडायला तयार असतो, त्यामुळे खरं तर आपल्याला हे गाणं इतरांपेक्षा लवकर भिडायला हवं. पडद्यांच्या मँडोलिनवर हा मधला सूर सहज निघत नाही, म्हणून मोनरो कोमल आणि शुद्ध गंधार पाठोपाठ, जवळजवळ एकमेकांवर आपटल्यासारखे वाजवतात. गळ्यातली जागा हातात कशी आणली, ते इथे दिसतं.

‘हे फक्त गोऱ्यांचं संगीत आहे ना?’

रंगमंचावर आणि श्रोत्यांत बहुसंख्य गोरे होते आणि आहेत, हे खरं. पण बँजो हे वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी अमेरिकेत आणलेल्या वाद्यांतून घडलं. अर्नोल्ड शुल्त्झ यांचा उल्लेख वर आलाच. मोनरो वाजवत असलेलं ‘इव्हिनिंग प्रेयर ब्लूज’ हे ऑप्रीतले कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली यांच्याकडून आलेलं. या लोकांना श्रेय आणि पैसा त्यांच्या वाट्याइतका मिळाला नाही. ब्लूग्रास आवडणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घेतलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मोनरो यांच्यानंतर कोणाकडे जायचं?

हे तुमच्या आवडीवर आहे.

बँजोची अखंड धार आवडत असेल तर जेसी मॅकरेनॉल्ड्स. एकाच पिकने तीन जोड्यांवर आलटून पालटून फिरत त्यांनी बँजोसारखी सुरांची साखळी मँडोलिनवर आणली. याला क्रॉसपिकिंग म्हणतात, आणि ‘जिम अँड जेसी’ या भावांच्या जोडीच्या गाण्यांमध्ये ते भरपूर आहे. फिडलसारखं गोलाई असलेलं वादन हवं असेल तर बॉबी ऑस्बोर्न. त्यांच्या ‘रॉकी टॉप’ला पुढे टेनेसी राज्याच्या राज्यगीताचा मान मिळाला. एखादा संपूर्ण कार्यक्रम ऐकायचा असेल तर ‘सेल्डम सीन’ या वॉशिंग्टनच्या बँडचा ‘लाइव्ह अ‍ॅट द सेलर डोर’. त्यात जॉन डफी आहेत, आणि त्यांचं मँडोलिन पुढे काय करेल याचा अंदाज लागत नाही.

सॅम बुश यांच्यासाठी थोडा जास्त वेळ काढा. केंटकीचेच. 1971 मध्ये ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ बँड काढला आणि रॉक, रेगे यांचा ताल चॉपमध्ये आणला. त्यांच्या हातात ‘चक्’ एका जागी बसत नाही, जागा बदलत राहतो, मधे छोटे छोटे ठोके पेरत जातो. तालाची आवड असलेल्या माणसाला इथे खजिना सापडेल.

आणि गाण्यापेक्षा नुसतं वादन आवडत असेल, जे आपल्याकडे अनेकांचं असतं, तर डेव्हिड ग्रिसमन. ‘ओल्ड अँड इन द वे’ या अल्पायुषी बँडमध्ये ते पारंपरिक ब्लूग्रास वाजवत. 1977 मध्ये ‘डेव्हिड ग्रिसमन क्विंटेट’ हा अल्बम आला: शब्द नाहीत, ब्लूग्रासची वाद्यं आणि जॅझसारखा विस्तार. गिटारवादक टोनी राइस यांच्यासोबतचा ‘टोन पोएम्स’ तर वाद्यांच्या आवाजावर प्रेम करणाऱ्यांसाठीच आहे. त्यात प्रत्येक धूनीला निराळं जुनं मँडोलिन आणि निराळी जुनी गिटार घेतली आहे. लाकूड, वय आणि आकार बदलला की आवाज कसा बदलतो, हे सलग ऐकायला मिळतं.

आजच्या पिढीत क्रिस थीली. ‘पंच ब्रदर्स’ हा त्यांचा बँड, आणि 2013 मध्ये त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार बाखने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचना मँडोलिनवर वाजवल्या. सूर तेच, बोटं तीच, फक्त गज नाही. ‘विझणाऱ्या सुराचं काय करायचं’ हा प्रश्न त्यांनी कसा सोडवलाय, ते मुद्दाम ऐका. सिएरा हल यांचा 2016 चा ‘वेटेड माइंड’ शांत आणि आतल्या आवाजाचा आहे. त्याच वर्षी इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम मँडोलिनवादकाचा पुरस्कार त्यांना मिळाला, हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि हे सगळे एकाच ठिकाणी ऐकायचे असतील तर बेला फ्लेक यांचा 2021 चा ‘माय ब्लूग्रास हार्ट’ घ्या. ग्रिसमन, बुश, थीली, हल, चौघंही त्यात आहेत.

घरात मँडोलिन असेल तर

चॉप स्वतः करून बघा, त्याने ऐकणंही सुधारतं. जी मेजरचा आकार असा: सगळ्यात जाड जोडी सातव्या पडद्यावर, पुढची पाचव्या, त्यापुढची दुसऱ्या आणि सगळ्यात बारीक जोडी तिसऱ्या पडद्यावर. बोटं पोहोचत नसतील तर जाड जोडी सोडून द्या आणि उरलेल्या तीनच वाजवा. अनेक जण तसंच करतात. हाच आकार दोन पडदे वर सरकवला की ए मेजर मिळतो.

आपल्याकडे मिळणारी साधी, गोल भोकाची मँडोलिनं जास्त गुंजतात, त्यामुळे ‘चक्’ तितका कोरडा येणार नाही. वाद्य बदलायची घाई करू नका. पिक जरा जाड घ्या, घोडीच्या अगदी जवळ न मारता थोडी पुढे मारा, आणि बोटांचा दाब कधी काढता याकडे लक्ष द्या. लवकर काढला तर सूरच येत नाही, उशिरा काढला तर झंकार उरतो. ‘अंकल पेन’ ए मध्येच आहे. यूट्यूबवर त्याचा वेग पाऊण करता येतो, पण तिथेही एकदम गाण्यासोबत वाजवायला बसू नका. आधी पायाने ‘धुम्’ धरा, मग त्याच्या मधे हात पडू द्या.